बाटलीवरील बारीक अक्षरें

बाळाच्या अंगाला काय लावावें, हा प्रश्न आमच्या लहानपणीं प्रश्न म्हणून अस्तित्वांतच नव्हता. घाण्याचें खोबरेल, डाळीचें पीठ व साय, टाळूवर तेलाचा बोळा, आंघोळीनंतर वेखंडाची चिमूटभर पूड आणि शेवटीं धुरी, इतक्यांत बाळाची सर्व सेवा आटोपत असे. हें कोणीं ठरविलें व कोणत्या कसोटीस लावून ठरविलें, असें विचारणारा चिकित्सक घरांत निघालाच असता, तर तेल लावणाऱ्या आजीनें त्याला त्याच तेलकट हातानें बाहेरची वाट दाखविली असती. पुढें बारशाच्या आहेरांत एक नवी वस्तु दिसूं लागली. पारदर्शक कागदाच्या आड पावडर, साबण व तेल हारीनें मांडलेली ती पेटी ज्याच्या घरीं कधींच आली नाहीं, असें मध्यमवर्गीय कुटुंब मुंबईच्या उपनगरांत शोधूनच काढावें लागेल. आजीच्या जागीं कंपनी आली, एवढाच काय तो फरक. विश्वास होता तसाच राहिला. आतां मात्र तिसरी अवस्था आली आहे. आजीवरही विश्वास नाहीं आणि कंपनीवरही नाहीं, अशा स्थितींत आजची आई बाटली उलटी करून तिच्या पाठीवरील बारीक अक्षरें वाचूं लागली आहे. ह्या वाचनाचें आम्हांस कौतुक वाटतें. त्यापासून बाळाचें रक्षण कितपत होतें, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. आणि त्याचा विचार करण्यास आम्ही जेथें राहतों त्या मुलुंडाइतकें योग्य स्थळ दुसरें नसेल. त्याचें कारण पुढें येईलच.

गेल्या वर्षीं आमच्या घरीं नातू आला. तो दीड महिन्यांचा झाला तेव्हां त्याच्या गालांवर व कोपरांच्या लवणांत तांबूस पुरळ उठलें. सूनबाईंनीं पांचरस्त्याच्या बाजूच्या एका दुकानांतून लोशनची बाटली आणविली. आमच्या सौभाग्यवतींचा पक्ष अर्थातच खोबरेलाचा. सूनबाई बँकेंत हिशेबतपासणीचें काम करतात. कोणतीही यादी हातीं आली कीं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खूण करीत गेल्यावांचून त्यांस चैन पडत नाहीं. “बाबा, तुमचें भिंग द्या जरा,” असें म्हणून त्यांनीं बाटली दिव्याखालीं धरली. एका हातांत भिंग आणि दुसऱ्या हातांत मोबाइल. त्या यंत्रांत घटकाचें नांव घातलें कीं लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका दिसतो. एका ॲपनें ज्याला लाल ठरविलें त्यालाच दुसऱ्यानें हिरवें ठरविलें, तेव्हां निकाल लागण्याऐवजीं अपीलच उभें राहिलें.

“आई, ह्यांत पॅराबेन नाहीं, पण फेनॉक्सिएथॅनॉल आहे.”

“अगं, मग तें लावायचें कीं नाहीं, तेवढें सांग!”

ह्या साध्या प्रश्नाला भिंगापाशींही उत्तर नव्हतें आणि यंत्रापाशींही नव्हतें.

ती यादी आम्हीं सवडीनें वाचली. पहिलें नांव ‘ॲक्वा’. हें आपलें पाणी. मग ग्लिसरीन, तें परिचयाचें. मग एकामागून एक अशीं नांवें कीं रसायनशास्त्राच्या पदवीधरानेंही थबकावें. मध्येंच ‘कोकोस न्यूसिफेरा’ असें एक भारदस्त नांव आलें. तें लॅटिन असून त्याचा अर्थ नारळ, हें कळतांच सौभाग्यवतींच्या मुद्रेवर जें तेज चढलें तें वर्णन करण्यास आम्ही असमर्थ आहों. “म्हणजे मी वाटीभर लावीत होतें तेंच तुम्हीं पाण्यांत थेंबभर घालून विकत आणलेंत!” असा निकाल त्यांनीं तेथल्या तेथें दिला. आणखी शोध घेतां ‘ॲव्हेना सटायवा’ म्हणजे ओट नांवाचें धान्य, ‘प्रूनस अमिग्डॅलस’ म्हणजे बदाम, आणि ‘टोकोफेरॉल’ म्हणजे ई जीवनसत्त्व, असे उलगडे होत गेले. परक्या नांवाचें भय घालविण्यास ही कसरत उपयोगी आहे. परंतु ओळखीचें नांव निघालें म्हणून निर्धास्त व्हावें, असेंही नाहीं. ‘ॲरॅकिस हायपोजिया’ म्हणजे आपला भुईमूग. इंग्लंडांतील मुलांच्या एका मोठ्या पाहणींत २००३ सालीं असें आढळून आलें कीं, पुरळ उठलेल्या त्वचेवर शेंगदाण्याच्या तेलाचीं मलमें लावलेल्या बालकांत पुढें शेंगदाण्याचें वावडें अधिक दिसतें. जें पोटांत गेल्यास अन्न, तेंच फुटलेल्या त्वचेंतून गेल्यास शरीर शत्रु समजूं शकतें.

यादी वाचणाऱ्यानें कायद्यानें त्यास किती सांगितलें आहे व किती राखून ठेवलें आहे, हें जाणून घेणें अवश्य आहे. १९४० च्या औषधें व सौंदर्यप्रसाधनें कायद्याखालीं २०२० सालीं प्रसाधनांचे स्वतंत्र नियम झाले. त्यांप्रमाणें शेंकडा एकाहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमानें छापावे लागतात. शेंकडा एक किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यामागून वाटेल त्या क्रमानें छापले तरी चालतें. ही एकाची रेघ कोठें पडली, तें बाटलीवर लिहिलेलें नसतें. कसलेला वाचक अनुमान बांधूं शकतो. फेनॉक्सिएथॅनॉल ह्या परिरक्षकाची कमाल मर्यादा युरोपांत शेंकडा एक आहे. तेव्हां त्याचें नांव दिसलें कीं तेथून पुढें थेंबाथेंबाचा प्रदेश लागला, असें समजावें. भांडणें बहुतेक ह्याच प्रदेशांतील घटकांवरून होतात, आणि तेथेंच क्रमाचा अर्थ संपतो. ‘सुगंध’ हा शब्द तर एका पिशवीसारखा आहे. त्यांत डझनावारी द्रव्यें मावतात. आणखी एक गंमत अशी कीं, ६० मिलिलिटरहून लहान बाटलीवर किंवा ३० ग्रॅमहून लहान डबीवर ही यादी छापण्याची सक्तीच नाहीं. प्रसूतिगृहांतून निघतांना आईच्या हातीं जी नमुन्याची चिमुकली बाटली ठेवली जाते, ती बहुधा ह्याच मापाची असते. म्हणजे बाळ अगदीं नवें असतांना जें प्रथम अंगाला लागतें, तें न सांगण्याची मुभा.

हें इतकें बारकाईनें कां पाहावयाचें, असें कोणी विचारील. मोठ्या माणसाच्या वजनाच्या मानानें त्याच्या कातडीचें जें क्षेत्र असतें, त्याच्या सुमारें अडीचपट क्षेत्र नवजात बाळाच्या वजनाच्या मानानें असतें. शिवाय ती कातडी पातळ. जन्मतः तिचा आम्लपणाही पुरता आलेला नसतो. तो पुढील कांहीं आठवड्यांत येतो, आणि तो येईपर्यंत बाहेरच्या पदार्थास दार थोडें किलकिलेंच असतें. लंगोटाखालीं तर उष्णता, ओल व घर्षण हीं तिन्ही एकत्र येतात. डेन्मार्कनें २०११ सालीं तीन वर्षांखालील मुलांच्या प्रसाधनांत प्रोपिल व ब्यूटिल पॅराबेन घालण्यास बंदी केली, आणि २०१४ सालीं युरोपीय संघानें लंगोटाखालीं लावून ठेवण्याच्या वस्तूंपुरती ती उचलली. परिरक्षक मुळींच नको म्हणावें, तर पाणी असलेल्या बाटलीची बुरशीशीं गांठ पडते. पॅराबेनविषयीं गवगवा झाल्यावर पुष्कळ कारखानदारांनीं मेथिलआयसोथायझोलिनोन नांवाच्या द्रव्याची कांस धरली. त्यानें इतक्या लोकांच्या कातडीस पुरळ आणलें कीं, अमेरिकेंतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका मंडळानें २०१३ सालीं त्यास ‘त्या वर्षींचें मुख्य वावडें’ म्हणून जाहीर केलें, आणि अंगावर राहूं देण्याच्या प्रसाधनांतून युरोपानें तें २०१६ च्या नियमानें काढून टाकलें. ‘पॅराबेन नाहीं’ असें बाटलीच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत वाचून ज्या मातांनीं समाधान मानलें होतें, त्यांच्या समाधानाचें मोल ह्यावरून करावें.

आतां मुलुंडाकडे येऊं. येथील लालबहादुर शास्त्री मार्गावर जॉन्सन आणि जॉन्सन कंपनीचा कारखाना. कंपनीची हिंदी शाखा १९५७ सालीं निघाली, आणि तिच्या पावडरीचा वास हाच देशांतील कित्येक पिढ्यांच्या बाळपणाचा वास होऊन बसला. मुलुंडचें नांव ह्या निमित्तानें घराघरांत गेलें, तें डब्यावरील पत्त्याच्या रूपानें. २०१३ च्या मार्च महिन्यांत महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें ह्या कारखान्याचा प्रसाधनें तयार करण्याचा परवाना रद्द करण्याचा हुकूम काढला. कारण असें देण्यांत आलें कीं, २००७ सालीं पावडरीच्या पंधरा बॅच पूर्वपरवानगी न घेतां इथिलीन ऑक्साइड ह्या वायूनें निर्जंतुक केल्या गेल्या होत्या. शस्त्रक्रियेचें साहित्य निर्जंतुक करण्यास हा वायु वापरतात. परंतु तो कर्करोगास कारण होतो, म्हणून त्याचा अंश मागें राहिला नाहीं ह्याची खात्री करून घ्यावी लागते. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें, आणि मुलुंडांत पावडर पुढेंही होत राहिली. २००७ च्या डिसेंबरांत जन्मलेलें बाळ हा हुकूम निघाला तेव्हां शाळेंत पाढे म्हणत होतें.

दुसरें प्रकरण अधिक बोलकें आहे. २०१८ सालच्या अखेरीस प्रशासनानें ह्याच पावडरीचे नमुने घेतले. लहान मुलांच्या पावडरीसाठीं भारतीय मानक ५३३९ आहे. त्यांत पीएच, म्हणजे आम्लपणा व अल्कपणा मोजणारा अंक, ५.५ ते ८ ह्यांच्या दरम्यान असावा असें सांगितलें आहे. नमुना त्याच्या वर गेला. कंपनीनें आक्षेप घेतल्यावर तो कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेंत गेला, आणि तेथेंही तोच निष्कर्ष निघाला. इतकें झाल्यावर १५ सप्टेंबर २०२२ रोजीं परवाना रद्द करण्याचा हुकूम निघाला, व २० सप्टेंबरास उत्पादन व विक्री ताबडतोब थांबविण्याचा. कंपनी उच्च न्यायालयांत गेली. न्यायालयानें नवे नमुने तपासविले. ते मानकाप्रमाणें निघाले. ११ जानेवारी २०२३ रोजीं न्यायमूर्ति गौतम पटेल व न्यायमूर्ति दिघे ह्यांच्या खंडपीठानें प्रशासनाचे हुकूम रद्द ठरविले. मुंगी मारावयास हातोडा उचलूं नये, अशा आशयाचें त्यांचें म्हणणें होतें. शिवाय इतक्या विलंबाबद्दल त्यांनीं प्रशासनास बोलही लाविला.

निकाल वाचून आमच्या इमारतींतील दोन गृहस्थांमध्यें जें वाग्युद्ध झालें, त्यांत एकानें कंपनीस पुतना म्हटलें व दुसऱ्यानें प्रशासनास कुंभकर्ण. आमच्या मतें दोघांनाही मूळ गोष्ट दिसली नाहीं. पीएच आठाच्या वर गेला म्हणजे विष झालें, असें नव्हे; आपल्या घरांतील साध्या साबणाच्या वडीचा पीएच नऊ-दहा असतो. साबण आपण धुऊन टाकतों आणि पावडर अंगावर राहते, म्हणून तिच्यासाठीं मर्यादा अधिक कडक. येथपर्यंत दोन्ही पक्षांस कांहींना कांहीं बोलतां येतें. परंतु २०१८ चा नमुना ज्या बॅचमधून घेतला, त्या बॅचचे इतर डबे कोठें गेले? ते बाळांच्या अंगाला लागून केव्हांच संपले. त्या डब्यांतील पावडर बरी होती कीं वाईट, ह्याचा वाद चार वर्षांनीं न्यायालयांत रंगला. बाळाचें बाळपण एका वर्षांत संपतें. नमुना, अहवाल, फेरअहवाल, नोटीस, सुनावणी ह्यांना तसें कांहीं बंधन नाहीं. ह्या पावडरीची कथा तेथेंच संपत नाहीं. अमेरिकेंत ॲस्बेस्टॉसच्या आरोपावरून चाललेल्या खटल्यांच्या पार्श्वभूमीवर, २०२३ सालापासून शंखजिऱ्याची पावडर जगभर बंद करून मक्याच्या पिठाची करावयाची, असें कंपनीनें ऑगस्ट २०२२ मध्यें जाहीर केलें. पण तो विषय वेगळा, आणि मोठा.

यादी वाचणाऱ्या मातेच्या दृष्टीनें ह्या दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. वायु हा घटक नव्हे, तो कृतीचा भाग. तो यादींत येत नाहीं. पीएच हाही घटक नव्हे, तो तयार वस्तूचा गुण. तोही यादींत येत नाहीं. म्हणजे २००७ सालीं किंवा २०१८ सालीं कोणी भिंग घेऊन डबा कितीही न्याहाळला असता, तरी ज्या गोष्टीवरून सरकारला परवाना काढून घ्यावासा वाटला, ती त्या अक्षरांत सांपडली नसती.

ह्याहून भयंकर उदाहरण फ्रान्समधील आहे. हेक्साक्लोरोफीन नांवाचें जंतुनाशक एके काळीं इतकें विश्वासाचें होतें कीं, रुग्णालयांतून नवजात बालकांस त्याच्या द्रावणानें न्हाऊं घालीत. १९७२ सालीं मोरांज नांवाच्या बालपावडरीच्या कांहीं डब्यांत हें द्रव्य चुकून शेंकडा सहा इतकें मिसळलें गेलें. तें कातडींतून आंत शिरून मेंदूवर परिणाम करतें. दोनशेंहून अधिक मुलें आजारी पडलीं आणि छत्तीस दगावलीं. त्यांच्या आयांनीं काय केलें होतें? लंगोट बदलतांना पावडर लावली होती. पुरळ वाढलें तेव्हां आणखी लावली असेल. आपल्या प्रसाधनांच्या नियमांत हेक्साक्लोरोफीनला बंदी आहे. साबणांत शेंकडा एकपर्यंत त्यास सवलत आहे, पण त्या वेष्टनावर ‘बाळांसाठीं वापरूं नये’ अशी सूचना छापावी लागते. सरकारी नियमांतील अशा रुक्ष ओळी वाचून कंटाळणाऱ्यांपैकीं आम्हीही आहों. ही ओळ मात्र आम्हांस कंटाळवाणी वाटत नाहीं. अशा सूचनेमागें केवढी किंमत पडलेली असते, हें त्या छत्तीस पाळण्यांवरून कळतें. मोरांजच्या डब्यावर तें नांव असण्याचा संभवच नव्हता, कारण तें तेथें आहे हें कारखान्यासही ठाऊक नव्हतें.

तर मग भिंग फेकून द्यावें काय? आमचें तसें म्हणणें नाहीं. यादीचा उपयोग आहे. ज्या द्रव्याचें वावडें एकदां कळलें तें टाळण्यास ती हवीच. पण यादी हें कारखानदाराचें निवेदन आहे. त्याला जें माहीत आहे व जें सांगणें त्याच्यावर बंधनकारक आहे, तेवढेंच तिच्यांत येतें. उरलेलें काम एका घरानें करण्यासारखें नाहीं. नमुना घेणारा निरीक्षक, तो तपासणारी प्रयोगशाळा आणि वेळेवर लागणारा निकाल, ह्यांवांचून बाटलीच्या पाठीवरील अक्षरांस आधार नाहीं. आणि ह्या तिहींची चौकशी करावी असें आम्हां सुशिक्षितांस सहसा सुचत नाहीं. आम्ही बाटली बदलतों. शंभर रुपयांची सोडून सातशें रुपयांची घेतों, ‘निसर्गजन्य’ हा शब्द पाहून हुश्श करतों, आणि ज्यांना शंभराचीच परवडते त्यांच्या बाळांना विसरतों.

निसर्गाच्या नांवानें हुश्श करणाऱ्यांसाठीं आणखी दोन शब्द. आमच्या मजल्यावर एक उत्तरेकडील कुटुंब आहे; त्यांच्याकडे बाळाला मोहरीचें तेल चोळतात. मोहरीच्या तेलानें कातडीचें संरक्षक आवरण सावरण्यास उशीर लागतो, असें २००२ सालीं उंदरांवरील प्रयोगांत दिसून आलें आहे. डोळ्यांत घालण्याच्या कित्येक सुरम्यांत शिसें सांपडलें आहे. वेखंडाची पूड काय आणि डब्यांतील पावडर काय, उडाली कीं बाळाच्या श्वासांतच जाते. आजीला कोणी कायदा लावीत नाहीं, म्हणून आजीचें सर्व निर्दोष ठरत नाहीं.

आमच्या नातवाला शेवटीं बालरोगतज्ज्ञांकडे नेलें. बाईंनीं पुरळ पाहिलें, बाटली पाहिली, आणि यादी न वाचतां सुगंध आहे कीं नाहीं एवढेंच विचारलें. होता. त्यांनीं ती बंद करावयास सांगितली, बिनवासाचें साधें मलम कोरड्या जागेपुरतें लावण्यास सांगितलें, आणि ज्या बाळाची कातडी चांगली आहे त्याला रोज कांहीं फांसलेंच पाहिजे ही समजूत सोडावयास सांगितली. ह्या शेवटच्या सल्ल्यास आधार आहे. इंग्लंडांत ज्यांच्या घराण्यांत इसब वगैरे विकार आहेत अशा १,३९४ नवजात बालकांवर प्रयोग झाला. अर्ध्यांस पहिलें वर्षभर रोज मलम लावावें, अर्ध्यांस लावूं नये. २०२० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं, रोज लावल्यानें इसब टळलें नाहीं; उलट कातडीचा जंतुसंसर्ग लावणाऱ्यांत किंचित् अधिक आढळला. तेव्हां यादींतील कोणता घटक वाईट, ह्याच्या आधीं ही यादी बाळाच्या अंगावर हवीच कशाला, असा प्रश्न विचारावयास हरकत नाहीं.

पुरळ तीन आठवड्यांत गेलें. कशानें गेलें ह्याविषयीं घरांत दोन मतें आहेत आणि दोन्ही ठाम आहेत. खोबरेलाची वाटी कोनाड्यांत परत आली. तेल मात्र आतां आठवड्यांतून दोनदांच लागतें, आणि टाळूवर बोळा ठेवीत नाहींत. सूनबाईंनीं ॲप काढून टाकलें. त्यांनीं एक नवीन रीत मात्र पाडली आहे, ती हिशेबतपासणीच्या खात्यास शोभण्यासारखी आहे. बाळासाठीं जी वस्तु घरांत येईल तिच्या वेष्टनावरील बॅचचा क्रमांक, तयार केल्याचा महिना आणि परवाना क्रमांक त्या बाळाच्या लसींच्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर उतरून ठेवतात. मुलुंडचीं दोन्ही प्रकरणें बॅचच्या क्रमांकावरूनच चाललीं होतीं, आणि डबा रिकामा झाला कीं तो क्रमांक कचऱ्यांत जातो. त्या पानावर सध्यां तीन ओळी आहेत.